रक्ताचा जमाखर्च

हर्शेल गॉर्डन लुईस आणि डेव्हिड फ्रीडमन ही अमेरिकन जोडगोळी १९६० च्या आसपास उघड्यावाघड्या देहांचे स्वस्त चित्रपट काढून चार पैसे मिळवत होती. बघता बघता त्या धंद्यात गर्दी झाली, नफा आटला, आणि दोघं नव्या मालाच्या शोधाला लागले. मोठ्या स्टुडिओंना जे दाखवता येत नाही किंवा दाखवायची हिंमत नाही, असं काय उरलंय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर निघालं रक्त. हिचकॉकच्या ‘सायको’त १९६० साली सुरा चालला होता, पण तो कृष्णधवल, आणि त्या न्हाणीघरात जे दिसलं असं प्रेक्षकाला वाटलं, त्यातलं बरंचसं संकलनाने त्याच्या मनात उभं केलेलं होतं. लुईसने १९६३ च्या ‘ब्लड फीस्ट’मध्ये रंगीत फिल्म घातली, कॅमेरा जखमेजवळ नेला आणि तिथून हलवलाच नाही. मायामीत उरकलेल्या या चित्रपटाचा सगळा खर्च २५ हजार डॉलरच्या आत बसला. अभिनय लाकडी, प्रकाशयोजना सपाट, आणि कथा म्हणावी तर इजिप्शियन देवीच्या नैवेद्यासाठी तरुणींचे अवयव गोळा करणाऱ्या एका केटररची. तरीही ड्राइव्ह-इन थिएटरांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. लुईसने कलावंत असल्याचा आव कधीच आणला नाही. पुढे टपालाने माल विकण्याच्या जाहिरातकलेतला जाणकार म्हणून तो नावाजला गेला, यात नवल ते काय.

कमी पैशांत, आडवाटेने काढलेल्या हिंसक चित्रपटांविषयी लिहिणारे बहुधा दोन टोकांना उभे असतात. काहींना त्यात समाजाच्या अधःपतनाचा पुरावा दिसतो, तर काहींना प्रत्येक फाटक्या चित्रपटात एक दबलेला बंडखोर दिसतो. या पुस्तकाने तिसरी वाट धरली आहे, ती वहीखात्याची. हिंसा आणि गरिबी यांचं पडद्यावरचं साटंलोटं मुळात हिशेबाचं आहे. नट मोठा घ्यायचा तर पैसा लागतो, सेट, गाणी, गर्दी, परदेशातलं चित्रण, सगळ्याला पैसा लागतो. रक्ताला मक्याचा पाक आणि खायचा रंग पुरतो. त्याला भाषांतर लागत नाही, तारखा लागत नाहीत, पोस्टरवर कोणाचं नाव मोठं छापायचं यावरून त्याचं भांडण होत नाही. ज्याच्याकडे विकायला दुसरं काहीच नाही, त्याच्या दुकानात हा माल ठेवता येतो. पण निर्मात्याला जे स्वस्त पडतं ते सगळ्यांनाच स्वस्त पडतं असं नाही. रक्त खोटं असलं तरी त्याचा खर्च खरा असतो आणि तो कोणीतरी उचललेला असतो: बिनपगारी राबलेल्या मित्रांनी, चोवीस तास उभ्या राहिलेल्या नटीने, कधी मुक्या जनावराने. हा खर्च कोणी केला, कमाई कोणाच्या खिशात गेली आणि वसुली कोणत्या वाटेने झाली, हे विचारलं की या चित्रपटांचे संप्रदाय आपोआप वेगळे दिसू लागतात, आणि त्यांची नैतिक बाजूही बरीच नेमकेपणाने तपासता येते.

वाट हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण हा सिनेमा जितका दिग्दर्शकांनी घडवला तितकाच दाखवणाऱ्यांनी. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात ‘अंडरग्राउंड’ म्हणून जे ओळखलं जाई, ते हिंसेपेक्षा देहाशी आणि लैंगिकतेशी जास्त निगडित होतं. जॅक स्मिथने ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ मुदत उलटलेल्या फिल्मवर काढला. १९६४ साली पोलिसांनी तो जप्त केला आणि दाखवणाऱ्यांत असलेल्या जोनास मेकस यांना अटक झाली. मेकस आणि मंडळींनी १९६२ मध्ये चित्रपटकर्त्यांची सहकारी वितरण संस्था उभारली होती. तिथे कोणाचाही चित्रपट नाकारला जात नसे. दुसरीकडे बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या कळकट थिएटरांत मारधाडीचे आणि कामुक चित्रपट दिवसरात्र चालत. हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले ते मध्यरात्रीच्या खेळांत. डिसेंबर १९७० मध्ये एल्जिन थिएटरचे चालक बेन बॅरनहोल्ट्झ यांनी दिग्दर्शक होडोरोव्स्कीचा ‘एल टोपो’ रात्री बारा वाजता लावायला सुरुवात केली आणि तो महिनोन्‌महिने चालला. त्या चित्रपटातला गूढतेचा सोस आज जरा अतीच वाटतो. पण तेच ते प्रेक्षक पुन्हा पुन्हा येतात, आपसांत टोळी करतात, हा नवा व्यवहार तिथे जमला. बाल्टिमोरचा जॉन वॉटर्स १९७२ चा ‘पिंक फ्लेमिंगोज’ घेऊन त्याच दारातून आत आला. निक झेडने १९८५ मध्ये टोपणनावाने ‘सिनेमा ऑफ ट्रान्सग्रेशन’चा जाहीरनामा लिहिला, तोवर त्याच्यासारखी मंडळी सुपर-८ कॅमेऱ्यावर चित्रपट काढून क्लबांच्या भिंतींवर दाखवू लागली होती. जाहीरनाम्यातला आवेश चित्रपटांपेक्षा सरस आहे, असं माझं मत.

पण या सगळ्या वहीखात्यातलं सर्वांत विलक्षण पान पिट्सबर्गचं आहे. जॉर्ज रोमेरो आणि त्याचे सहकारी जाहिरातपट काढून पोट भरत. मित्रांकडून, ओळखीपाळखीतून पैसा जमवत त्यांनी सव्वा लाख डॉलरच्या आत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पुरा केला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, कारण कृष्णधवल फिल्मवर ते दाट आणि पटण्याजोगं दिसे. आतडी खाटकाकडून आली. एका शेतघरात अडकलेली सात माणसं आणि बाहेर चालत येणारी प्रेतं, एवढाच मामला. प्रेतं घरात शिरण्याआधीच आतली माणसं तळघरात थांबायचं की वर, यावरून एकमेकांच्या जिवावर उठतात. नायक ड्युएन जोन्स हा काळा नट होता. रात्रभर प्रेतांना तोंड देऊन तो सकाळी जिवंत उरतो, आणि शिकाऱ्यांची टोळी त्याला प्रेत समजून गोळी घालते. शेवटच्या चौकटींत त्याचा देह आकडे लावून ओढला जातो. मार्टिन ल्युथर किंग यांच्या हत्येच्या वर्षी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, हा चित्रपट लागला. त्या शेवटात अमेरिकेने काय पाहिलं असेल हे वेगळं सांगायला नको. आता हिशेब पाहा. प्रदर्शनाआधी नाव बदललं, तेव्हा पहिल्या नावाच्या पाटीखाली असलेली स्वामित्वहक्काची ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एवढ्याने चित्रपट बिनमालकीचा झाला. ज्याला हवं त्याने प्रिंट काढली, कॅसेट विकली. कर्त्यांच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही. मात्र ज्या चुकीने त्यांना बुडवलं, तिनेच त्यांचं चालतं प्रेत जगभर पोहोचवलं. आज हॉलिवूडपासून कोरियापर्यंत माणसं खाणाऱ्या मृतांच्या ज्या झुंडी दिसतात, त्यांचे नियम या शेतघरात ठरले, आणि त्यासाठी कोणी कोणाला छदाम मोजला नाही.

‘टेक्सास चेन सॉ मॅसकर’ची नोंद खर्चाच्या बाजूला करावी लागते. टोब हूपरने तो १९७३ च्या उन्हाळ्यात, टेक्सासच्या भाजून काढणाऱ्या उकाड्यात १६ मिमीवर काढला. ख्याती ऐकून पाहणाऱ्याला नवल वाटतं, कारण पडद्यावर रक्त अगदी कमी आहे. धडकी भरते ती आवाजाने, हाडांच्या सजावटीने आणि किंकाळीने. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग चोवीस तासांहून अधिक वेळ सलग चित्रित झाला. टेबलावरचं मांस दिव्यांच्या उष्णतेत नासत होतं, खिडक्या बंद होत्या. बोटातून रक्त काढण्याच्या प्रसंगात नकली रक्ताची नळी चालेना, तेव्हा मेरिलिन बर्न्सचं बोट खरंच कापलं गेलं. पडद्यावरची तिची सैरभैर अवस्था हा अभिनय किती आणि थकवा किती, हे ठरवणं कठीण आहे. चित्रपटाने कोट्यवधी डॉलर कमावले, पण वितरणाच्या व्यवहारात ते असे मुरले की नटांच्या आणि तंत्रज्ञांच्या वाट्याला जेमतेम काही उरलं. हा चित्रपट थोर आहे. तो ज्यांच्या अंगावर काढला गेला, त्यांना मोबदला मिळाला नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि एकाने दुसरं खोडायची घाई या पुस्तकात केलेली नाही.

व्हिडिओ कॅसेट आली आणि वसुलीची वाटच बदलली. सॅम रेमीने मित्रांसोबत आधी सुपर-८ वर नमुन्याचा लघुपट काढला, तो डेट्रॉइटच्या डॉक्टर-वकिलांना दाखवून भांडवल गोळा केलं आणि टेनेसीच्या रानातल्या झोपडीत ‘ईव्हिल डेड’ पुरा केला. ब्रिटनमध्ये तो भाड्याच्या कॅसेटवर घरोघर गेला. तिथे तोवर कॅसेटला सेन्सॉर लागू नव्हता. वृत्तपत्रांनी आरडाओरड केली, सरकारी अभियोक्त्याच्या कचेरीने ७२ चित्रपटांची यादी केली, दुकानांवर छापे पडले आणि १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा आला. त्या यादीत काही अस्सल ओंगळ चित्रपट होते आणि निव्वळ भडक वेष्टनामुळे अडकलेलेही होते. शौकिनांनी ती खरेदीची यादी म्हणून वापरली. पुढे २००९ मध्ये उघडकीला आलं की हा कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचाच राहिला होता, म्हणून पाव शतक तो अंमलात आणण्याजोगाच नव्हता; २०१० मध्ये तो घाईघाईने पुन्हा संमत करावा लागला. याच काळात न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनने शनिवार-रविवारी चित्रण करत, आईच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मुखवटे भाजत १९८७ चा ‘बॅड टेस्ट’ काढला. त्सुकामोतोने १९८९ च्या ‘तेत्सुओ’त टोकियोच्या एका नोकरदाराच्या अंगातून लोखंड उगवताना दाखवलं. बर्लिनमध्ये ब्युटगेराइट प्रेतांच्या प्रणयकथा काढत होता आणि पोलिसांची जप्ती ओढवून घेत होता.

इथवर येणारा वाचक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. हिंसा दाखवून पैसा करणं आणि हिंसा करणं यात खरंच अंतर आहे का? रुजेरो देओदातोच्या १९८० च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ला मिलानमध्ये प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत जप्ती आली. नट खरोखर मारले गेले असा संशय होता आणि ते जिवंत असल्याचं दिग्दर्शकाला दाखवून द्यावं लागलं. नट जिवंत होते. पण कासव, माकड, डुक्कर ही जनावरं कॅमेऱ्यासमोर खरोखर मारली होती. हा चित्रपट सनसनाटी पत्रकारितेवर टीका करतो, असं त्याचे चाहते सांगतात. टीका आहेच, पण ज्या कृत्याबद्दल तो आपल्या पात्रांना दोषी धरतो तेच त्याने स्वतः केलेलं आहे, आणि बिल कासवाच्या नावावर फाडलं आहे. अमेरिकेत १९७६ साली एका वितरकाने अर्जेंटिनात काढलेल्या जुन्या रद्दड चित्रपटाला नवा शेवट जोडला, त्यात नटीचा खून ‘खरा’ असल्याची हूल उठवली आणि ‘स्नफ’ नावाने तो लावला. स्त्री-संघटनांनी निदर्शनं केली, चौकशीत नटी सुखरूप निघाली, पण तोवर गल्ला भरला होता. होडोरोव्स्कीने ‘एल टोपो’तल्या बलात्काराच्या दृश्याबद्दल सत्तरच्या दशकात मारलेली बढाई, नंतर त्याने ती प्रसिद्धीसाठीची थाप म्हटली तरी, त्याला २०१९ मध्ये भोवली आणि न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाने त्याचं प्रदर्शन रद्द केलं. तेव्हा पाहणारा बिघडतो की नाही, या न संपणाऱ्या वादापेक्षा करताना कोणाला इजा झाली आणि कोणाच्या इजेची जाहिरात झाली, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचं उत्तर पुराव्याने देता येतं. सेन्सॉरची कात्री या प्रश्नाला हातही लावत नाही. ती फक्त पडद्यावरचं कापते.

आपल्याकडचा हिशेब निराळा, पण गणित तेच. रामसे कुटुंबाचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून दरोडा घालतात तेवढा प्रसंग मात्र लोकांना आवडतोय, हे कुटुंबातल्या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. मग सगळा गोतावळा बसमध्ये घालून ही मंडळी महाबळेश्वरला गेली आणि १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ घेऊन परतली. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, एक संकलनावर, दोघे दिग्दर्शनाला. पगाराचा प्रश्न घरातच मिटला. मुरूडमधला नवाबाचा राजवाडा त्यांच्या भुतांचं हक्काचं बिऱ्हाड झाला. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ छोट्या गावांत तुफान चालला. त्यांच्यामागून आलेले कांती शाहांसारखे निर्माते आणखी कमी पैशांत, आणखी कमी दिवसांत चित्रपट उरकू लागले. जिल्ह्याच्या थिएटरांत मॉर्निंग शोला सेन्सॉरने न पाहिलेले कामुक तुकडे मधेच जोडले जात. तुकड्याचा चित्रपटाशी संबंध असायचाच असं नाही. या व्यवहारात सर्वांत जास्त विकली गेली ती बाई, आणि सर्वांत कमी नोंद झाली तीही तिचीच. असीम अहलुवालियाच्या २०१२ च्या ‘मिस लव्हली’ने त्या दुनियेकडे हळहळ न करता पाहिलं, म्हणून तो महत्त्वाचा.

कांती शाहांचा १९९८ चा ‘गुंडा’ इंटरनेटमुळे शहरी, शिकलेल्या तरुणांच्या हाती लागला आणि त्यातली यमकं तोंडपाठ झाली. ‘इतका वाईट की छान’ या पावतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण या विषयाच्या चाहत्यांची ती सवय आहे आणि तिच्यात वर्गाचा माज दडलेला असतो. ज्या प्रेक्षकासाठी चित्रपट काढला त्याच्या आवडीवरच हे हसणं असतं. त्याचा दुसरा प्रकार पाहायचा तर कंपालातल्या वाकालिगा वस्तीत जावं लागेल. विटा पाडून पैसे जमवणारा आयझॅक नब्वाना तिथे जुने सुटे भाग जोडून केलेल्या संगणकावर मारधाडपट तयार करतो. त्याच्या २०१० च्या ‘हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?’मधल्या बंदुका भंगाराच्या आहेत, हेलिकॉप्टर संगणकातलं आहे, आणि गोळी लागते तेव्हा छातीवर बांधलेला, लाल पाण्याने भरलेला निरोध फुटतो. चित्रपटाचा खर्च २०० डॉलर, असा आकडा जगभर फिरला. असे आकडे जपूनच वाचावेत. रॉबर्ट रॉड्रिग्झच्या ‘एल मारियाची’चे प्रसिद्ध ७,००० डॉलर घ्या. त्यातले काही त्याने औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवले होते, आणि चित्रपट थिएटरात लावण्याजोगा करायला स्टुडिओने पुढे जे ओतलं ते त्या आकड्यात धरलेलंच नाही. वाकालिगात तर नट, सुतार, लोहार सगळे शेजारीपाजारी. त्यांच्या श्रमाची किंमत धरली तर २०० डॉलरला अर्थ उरत नाही. पण तिथला व्यवहार उघडा आहे. ज्यांनी कामं केली तेच डीव्हीडी घेऊन दारोदार विकायला निघतात आणि विक्रीतला वाटा ठेवून घेतात. युगांडाच्या व्हिडिओ घरांत परभाषी चित्रपट चालू असताना एक निवेदक समोर उभा राहून भाषांतर करतो, चिमटे काढतो, प्रेक्षकांना चेतवतो. ‘कॅप्टन अ‍ॅलेक्स’च्या ध्वनिपट्टीवर व्हीजे एमी हेच करतो. चित्रपटाची टिंगल बाहेरचा माणूस करण्याआधी त्याच वस्तीतल्या माणसाने केलेली असते, तीही लाडाने. हसण्याची सूत्रं हातची जाऊ न देता चित्रपट काढणं ही साधी गोष्ट नव्हे.

मालेगावची आठवण इथे अपरिहार्य आहे. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत होते, आणि यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांना घेऊन त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. सायकलवर कॅमेरा धरून चालतं दृश्य घ्यायचं, बैलगाडीच्या दांडीची क्रेन करायची, ही तिथली युक्ती फैझा अहमद खान यांच्या माहितीपटात पाहायला मिळते. मालेगावने मात्र रक्त विकलं नाही, विडंबन विकलं. कमी पैशांत हिंसाच स्वस्त पडते, या आमच्या मांडणीला हे सर्वांत अवघड उदाहरण आहे. एक उत्तर असं की ‘शोले’तली हिंसा लोकांना पाठच होती, तिची उसनवारी करायला खर्च येत नव्हता. पण दिवसभर यंत्रमागावर राबलेला प्रेक्षक संध्याकाळी काय पाहायला पैसे देईल, याचा अंदाज नासिर शेख यांना कोणत्याही समीक्षकापेक्षा आधी होता, हेही उत्तर असू शकतं. दोन्ही उत्तरं पुस्तकात तपासली आहेत. त्यांतलं पहिलं पुरेसं नाही, असं मला वाटतं.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे रक्तावरची गरिबांची मक्तेदारी संपली आहे. २०२३ चा ‘अ‍ॅनिमल’, त्यानंतरचा ‘किल’, मल्याळममधला ‘मार्को’ हे बड्या पडद्यावर, बड्या प्रसिद्धीने लागले. लुईसने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज रक्त हे उरलेलं नाही, कारण ज्यांच्याकडे सगळं आहे तेच ते विकतायत. दुसरं कारण जपणुकीचं आहे. नब्वानाकडे जागा नव्हती, म्हणून पुढचा चित्रपट करताना ‘कॅप्टन अ‍ॅलेक्स’ची मूळ प्रत पुसली गेली, आज जगाने पाहिलेली आवृत्ती डीव्हीडीच्या धूसर प्रतीवरून आली आहे. आपल्याकडच्या मॉर्निंग शोच्या चित्रपटांची अवस्था याहून बरी नाही. ज्या सिनेमाला सरकारने, अभिलेखागारांनी आणि समीक्षकांनी सिनेमाच मानलं नाही, त्याच्या रिळांची काळजी कोण घेणार?

म्हणून या पुस्तकात ‘शंभर भयंकर चित्रपट’ अशी क्रमवारी नाही, आणि धक्क्यांची जत्राही मांडलेली नाही. प्रत्येक प्रकरण एका चित्रपटगृहापासून, दुकानापासून किंवा वस्तीपासून सुरू होतं आणि तिथून चित्रपटाकडे जातं. इटली आणि हाँगकाँग यांना मिळालेली पानं त्यांच्या मानाने कमीच आहेत, कारण तिथला बराचसा हिंसक सिनेमा स्वस्त असला तरी तो मोठ्या कारखानदारीतून आला आणि त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल. दृश्यांची वर्णनं मुद्द्यापुरती ठेवली आहेत; ज्या दृश्यात कोणाला खरी इजा झाली त्याचं वर्णन न करता तिथे काय घडलं याची माहिती दिली आहे. छायाचित्रांच्या बाबतीतही हाच दंडक पाळला. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी पहिलं प्रकरण उघडण्याआधी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहावा. तो दीड तासाचा आहे, कुठेही सापडतो, आणि फुकट पाहिला तरी कोणाचं काही चोरल्यासारखं होत नाही.